वाचकांचे प्रश्न : माळावरचा लांडगा, दारातला कुत्रा

गेल्या अंकात या सदरात लांडग्यांविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे कुत्र्यांबद्दलच निघाली. काही पत्रांत गल्लीतल्या कुत्र्यांबद्दलच्या तक्रारी आहेत. त्या बंदोबस्ताच्या विषयाला हे सदर पुरे पडणार नाही. कुत्रा आला कोठून आणि तो असा का वागतो, एवढ्याच प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात सुगीनंतर रानात मेंढरे बसवतात आणि रात्री लांडगा फिरकतोच. धनगरांची कुत्री त्याच्या अंगावर तुटून पडतात. कुत्रा हा लांडग्याचाच वंशज आहे असे आपण लिहिले आहे. मग आमच्या माळावरच्या लांडग्यापासूनच आमची गावठी कुत्री झाली असे समजावे काय? आमचे आजोबा मात्र कुत्रा कोल्ह्यापासून झाला असे सांगत. (एक वाचक, अथणी तालुका)

उत्तर : आजोबांच्या बाजूने मोठी माणसे उभी होती, हे आधी सांगून टाकतो. प्राण्यांच्या वर्तनाचे थोर अभ्यासक कोनराड लोरेंझ, ज्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, यांचेही एके काळी असेच मत होते की बहुतेक कुत्री कोल्ह्यापासून झाली असावीत. पुढे ते मत त्यांनी स्वतःच सोडून दिले. येथे कोल्हा म्हणजे उसाच्या फडातून रात्री कोल्हेकुई करणारा आपला नेहमीचा कोल्हा. माळावरचे झुबकेदार शेपटीचे खोकड वेगळे. 'कोल्ह्याला द्राक्षे आंबट' या गोष्टीशेजारी विलायती खोकडाचे चित्र छापून आपल्या शालेय पुस्तकांनी हा घोटाळा कायमचा करून ठेवला आहे.

जनुकांच्या अभ्यासाने हा वाद आता मिटला आहे. कुत्रा लांडग्यापासूनच झाला, त्यात कोल्ह्याचा वाटा नाही. आपला दुसरा प्रश्न अधिक बारकाईचा आहे आणि त्याच्या बाबतीत माझ्या गेल्या अंकातील वाक्य सैल होते, ही चूक मान्य करतो. दख्खनच्या माळावरचा लांडगा हा लांडगाच खरा, पण त्याची शाखा फार जुनी आहे. युरोप आणि उत्तर आशियातील लांडग्यांच्या शाखा एकमेकींपासून वेगळ्या होण्यापूर्वीच ती मूळ खोडापासून फुटली होती. कुत्र्याचे कूळ या शाखेतून आलेले नाही. म्हणजे आपल्या वाड्यावरचा कुत्रा आणि त्याच्याशी झुंजणारा लांडगा हे बाप-लेक नसून लांबचे भाऊबंद आहेत, आणि बांधावरची भांडणे भाऊबंदांतच होतात हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको.

मग कुत्र्याचा थेट बाप कोण? गंमत अशी की तो आज जिवंत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गेल्या एक लाख वर्षांतील ७२ प्राचीन लांडग्यांची जनुके तपासली गेली. त्यांत कुत्र्यांचे नाते पूर्व युरेशियातील, म्हणजे सायबेरियाच्या बाजूच्या, प्राचीन लांडग्यांशी अधिक जवळचे निघाले. पश्चिम आशिया व आफ्रिकेकडील कुत्र्यांत आणखी एका लांडगा-वंशाची भर पडलेली दिसली. परंतु नेमका ज्या लांडग्यांपासून कुत्रा झाला, त्यांचा धागा आज जगात कोठल्याही लांडग्यांमध्ये सापडलेला नाही. आज जे लांडगे उरले आहेत ते सगळेच कुत्र्याचे चुलते ठरतात.

हे केव्हा घडले याचे एक वर्ष सांगता येत नाही. जनुकांवरून लांडगा व कुत्रा यांची वाट २० ते ४० हजार वर्षांपूर्वी वेगळी झाली असे दिसते, तर ज्याबद्दल कोणाचा वाद नाही असा कुत्र्याचा सांगाडा सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचा आहे. १९१४ साली जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे दगडाच्या खाणीत काम करणाऱ्यांना एका पुरुषाचे आणि एका स्त्रीचे दफन सापडले. त्याच हाडांत एका पिल्लाची हाडे होती. ती कुत्र्याची आहेत हे ओळखायला पुढे साठ-एक वर्षे गेली. त्याचे दात अलीकडे तपासले तेव्हा असे दिसले की साधारण १९ व्या आठवड्यापासून २३ व्या आठवड्यापर्यंत हे पिल्लू डिस्टेंपर या रोगाने तीनदा अंथरुणाला खिळले होते आणि जेमतेम सात महिन्यांचे होऊन मेले. डिस्टेंपर झालेले पिल्लू ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की त्याला पाणी पाजावे लागते, पुसून काढावे लागते, ऊब द्यावी लागते. असे पिल्लू ना शिकारीच्या कामाचे, ना राखणीच्या. तरीही त्या बर्फाळ काळात कोणीतरी आठवड्यांमागून आठवडे त्याची उस्तवार केली आणि शेवटी त्याला माणसांच्या शेजारी पुरले. आपल्या देशातही काश्मीरमधील बुर्झाहोम येथे नवाश्मयुगीन माणसांच्या दफनात कुत्री पुरलेली सापडली आहेत.

जाता जाता एक काळजीची गोष्ट. लांबचे भाऊबंद असले तरी लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होऊ शकतो आणि त्याची पिल्लेही प्रजननक्षम असतात. पुणे परिसरातील माळरानांवर असा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा अलीकडेच मिळाला आहे. देशात हे लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले असावेत असा अंदाज आहे. त्यामुळे माळावर मोकाट कुत्र्यांची संख्या वाढणे हे बंदुकीइतकेच त्यांच्या मुळावर येऊ शकते. धनगराच्या कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजची लस टोचून घेतली, तर त्यात मेंढरे, कुत्री आणि लांडगे या तिघांचेही भले आहे.

प्रश्न : खानापूरच्या जंगलात आम्ही कोळसुंद्यांचा कळप पाहिला. हीच मूळची जंगली कुत्री काय? (खानापूर)

उत्तर : नावात कुत्रा असला तरी नाही. 'रानकुत्रा' म्हणून ओळखला जाणारा कोळसुंदा हा वेगळ्याच प्रजातीचा प्राणी आहे. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा यांना ४२ दात असतात, तर कोळसुंद्याला ४०, कारण त्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला एक दाढ कमी असते. तो भुंकण्यापेक्षा शिट्टी घालून कळपाला हाका देतो. भीमगडच्या बाजूला राहणाऱ्यांना ती शिट्टी ओळखीची असेल. कुत्रा त्याच्यापासून झालेला नाही.

प्रश्न : पहिल्या माणसाने लांडग्याचे पिल्लू पाळले आणि त्यापासून कुत्रा झाला असे मी मुलांना वर्गात शिकवतो. एका विद्यार्थ्याने विचारले की मग आजही लांडग्याचे पिल्लू आणून कुत्रा करता येईल का? मला उत्तर देता आले नाही. (एक शिक्षक, निपाणी)

उत्तर : विद्यार्थ्याचा प्रश्न उत्तम आहे, आणि त्यात आपल्या धड्यातील कच्चा दुवा नेमका सापडतो. लांडग्याचे पिल्लू डोळे उघडण्यापूर्वी आणून बाटलीने दूध पाजून वाढवले, तर ते माणसाळते. पण वयात आल्यावर ते लांडगाच राहते आणि त्याची पिल्लेही लांडग्याचीच. एक प्राणी माणसाळणे आणि एक वंश पाळीव होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वंश बदलायला पिढ्या लागतात, आणि प्रत्येक पिढीत कोणाची पिल्ले जगतात यावर सगळे ठरते.

ही निवड कोणी केली? बहुधा आरंभी कोणीच ठरवून केली नाही. रविवारी सकाळी कोणत्याही मटणाच्या दुकानासमोर पाच मिनिटे उभे राहून पाहावे. चार-पाच कुत्री ठरावीक अंतर राखून बसलेली असतात. फळीवर सुरा पडला की सगळ्यांचे कान एकदम वळतात, पण पायरी कोणी ओलांडत नाही. खाटिकाने तुकडा फेकला की जो सर्वांत जवळ बसण्याचे धाडस करतो पण गिऱ्हाइकावर गुरगुरत नाही, त्याच्याच तोंडात तो पडतो. जो फार भितो तो उपाशी राहतो, आणि जो अंगावर येतो तो दगड खातो. हीच गाळणी हिमयुगातील माणसांच्या तळाभोवती हजारो वर्षे चालू राहिली असे समजा, म्हणजे जे काही घडले त्याची साधारण कल्पना येईल. अमेरिकन अभ्यासक रेमंड कॉपिंगर यांनी हा विचार गावाबाहेरच्या उकिरड्याच्या आधारे मांडला होता. त्यावरचा आक्षेपही रास्त आहे, कारण तेव्हा गावे नव्हती आणि गाव नाही तेथे उकिरडा कसला. २०२१ साली फिनलंडमधील संशोधकांनी याला एक पटण्यासारखी जोड दिली : माणसाचे शरीर केवळ कोरड्या मांसावर निभावत नाही, त्याला चरबी लागते, त्यामुळे कडाक्याच्या हिवाळ्यात मारलेल्या जनावरांची चरबी आणि मज्जा माणसे खात आणि चरबी नसलेले मांस उरत असे. लांडग्याला मात्र ते चालते. उरलेले कोणाला तरी घालणे माणसाला त्यामुळे परवडत होते.

अशा निवडीने किती लवकर फरक पडतो हे रशियात प्रत्यक्ष पाहिले गेले. १९५९ साली नोवोसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव यांनी आणि त्यांच्यासोबत ल्युदमिला त्रूत यांनी कातडीसाठी पाळलेल्या रुपेरी खोकडांवर प्रयोग सुरू केला. निकष एकच : माणसाचा हात जवळ आला की जे सर्वांत कमी बिथरते त्याचीच पिल्ले पुढे घ्यायची. सहाव्या पिढीपर्यंत काही पिल्ले शेपटी हलवू लागली, माणूस निघून गेला की कुंईकुंई करू लागली, हात चाटू लागली. पुढच्या काही पिढ्यांत अंगावर पांढरे ठिपके, लोंबते कान आणि वळलेल्या शेपट्या दिसू लागल्या. मात्र हा प्रयोग वर्गात सांगताना एक पुस्तीही जोडावी. ती खोकडे मुळात कॅनडातील शेतांवर अनेक पिढ्या पाळलेल्या वंशातली होती, त्यामुळे ठिपक्यांसारखी काही लक्षणे प्रयोगापूर्वीपासूनच त्यांच्यात होती, असे २०१९ साली दाखवून देण्यात आले. स्वभावातला बदल मात्र खरा आहे. तेव्हा विद्यार्थ्याला सांगावे : एका पिल्लाने जमणार नाही, तो, त्याची मुले आणि त्याची नातवंडे यांनी चिकाटी धरली तर काहीतरी दिसू लागेल.

प्रश्न : आमचा मोत्या लहानपणापासून ज्वारीच्या भाकरीवर वाढला. आता मुलगा म्हणतो, कुत्रा मांसाहारी प्राणी आहे, भाकरी बंद करा आणि पिशवीतले खाणेच द्या. काय करावे? (एक गृहिणी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : ताई, मुलाचे अर्धे बरोबर आहे. लांडगा मांसाहारी, म्हणून कुत्राही तसाच, असे मानले जात असे. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दोघांची जनुके ताडून पाहिली तेव्हा एक फरक ठळकपणे पुढे आला. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज नावाचे द्रव्य स्वादुपिंडातून स्रवते, आणि ते तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला, त्याच्या घरात धान्य आले, आणि शिळेपाके खाऊन ज्यांचे पोट बिघडत नसे त्या कुत्र्यांची पिल्ले अधिक जगली. म्हणून हा फरक सगळीकडे सारखा नाही. ज्यांच्या माणसांनी शेतीच केली नाही अशा ध्रुवाकडील कुत्र्यांत या प्रती कमी आहेत आणि ऑस्ट्रेलियातील डिंगोत लांडग्याइतक्याच, म्हणजे दोन. आपल्या मोत्याच्या पोटात शेतीचा इतिहास आहे असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

आमच्याकडचा कुत्रा कडक भाकरीचा तुकडा मिळाला की भिंतीच्या कोपऱ्यात जातो, दोन पुढच्या पायांत तो उभा धरतो आणि मान वाकडी करून दाढेने मोडतो, अगदी हाड फोडावे तसा. रीत लांडग्याची, पदार्थ आपला.

तरीही नुसती भाकरी पुरेशी नाही. भाकरी ताकात किंवा अळणी रश्श्यात कुस्करून, तिच्यासोबत उकडलेले अंडे, काळीज किंवा थोडे मांस दिल्यास त्याचे चांगले चालेल. पिशवीतले खाणे वाईट नाही, पण त्यावाचून अडतही नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट ही मात्र कुत्र्याला विषासमान आहेत. घरच्या रश्श्यात कांदा-लसूण असतोच, म्हणून त्याचे बाजूला काढावे. शिजवलेल्या कोंबडीची हाडेही देऊ नयेत, ती चिरफाळून आतड्याला टोचतात.

प्रश्न : मी मुधोळ जातीचा कुत्रा घेणार आहे. मित्र म्हणतात, हीच शुद्ध देशी जात, बाकी गावठी म्हणजे भेसळ. हे खरे काय? (गोकाक)

उत्तर : मुधोळचा कुत्रा, ज्याला आपल्याकडे कारवानी म्हणतात, हा नजरेने शिकार हेरून धावून पकडणारा कुत्रा आहे. लांब निमुळते डोके, खोल छाती आणि आत ओढलेले पोट पाहूनच तो कशासाठी घडवला आहे ते कळते. मध्य व पश्चिम आशियातून आलेल्या अशाच धावऱ्या कुत्र्यांशी त्याचे नाते सांगितले जाते आणि मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली. मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्याचे संशोधन केंद्र आहे, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत त्याला स्थान मिळाले. जात अभिमान बाळगण्याजोगी आहे. घ्या अवश्य, पण रोज मोकळ्या शिवारात पळवायची तयारी असेल तरच. फ्लॅटच्या गॅलरीत बांधून ठेवायचा हा कुत्रा नव्हे.

मित्रांचे दुसरे म्हणणे मात्र उलटे आहे. 'भेसळ' म्हणायला आधी शुद्ध माल असावा लागतो. जगातील बहुतेक कुत्री कोणत्याही जातीची नाहीत, आणि हजारो वर्षे कुत्रा असाच होता. आज आपण ज्यांना जाती म्हणतो त्यांतील बहुतेक विलायती जाती गेल्या दीडदोनशे वर्षांतल्या आहेत. कुत्र्यांचे पहिले आधुनिक प्रदर्शन इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे १८५९ साली भरले आणि तेथील केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. वंशावळीच्या वह्या आणि बंदिस्त जाती त्यानंतरच्या. गल्लीतला तांबूस, उभ्या कानांचा, वळलेल्या शेपटीचा कुत्रा हा कोणत्या तरी जातीचा बिघडलेला नमुना नसून कुत्र्याचे सर्वसाधारण रूप आहे. जातीवरून स्वभाव ओळखता येतो हाही समज तपासून घ्यावा. २०२२ साली अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली गेली, तेव्हा एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी केवळ ९ टक्के फरक जातीने उलगडला. त्यामुळे पिल्लू निवडताना आधी त्याच्या आईचा स्वभाव पाहावा आणि कागदपत्रे नंतर.

प्रश्न : भाद्रपदात कुत्री पिसाळल्यासारखी का वागतात? गाडीमागे का धावतात? आणि रेल्वेची शिट्टी झाली की रडतात, ते अशुभ असते काय? (टिळकवाडी व अनगोळ येथील तीन पत्रांतून)

उत्तर : भाद्रपदाची म्हण आपल्या भाषेत उगीच रुळलेली नाही. मोकाट कुत्र्यांचा माजाचा मुख्य हंगाम पावसाळ्याच्या अखेरीस येतो आणि एका मादीमागे अनेक नर लागल्याने कळपांच्या हद्दी मोडून भांडणे होतात. ते पिसाळणे नव्हे. सुमारे ६३ दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, पिल्ले होतात. त्यानंतरचे काही आठवडे आडोशाला पिल्ले असलेल्या मादीच्या वाटेला जाऊ नये. कोलकात्याजवळ केलेल्या एका पाहणीत मोकाट कुत्र्यांच्या दर पाच पिल्लांतील जेमतेम एक सात महिन्यांपर्यंत जगल्याचे आढळले. ती आई एवढी का चवताळते, ते यावरून समजावे.

पळणाऱ्या वस्तूमागे धावणे ही शिकारीची जुनी खोड आहे. शिवाय गाडी नेहमी पळून जाते, त्यामुळे आपणच तिला हुसकावले असे कुत्र्याला दरवेळी वाटते. गाडी हळू केली की बहुतेक कुत्री गोंधळून थांबतात. शिट्टीचे म्हणाल तर टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ मी स्वतः अनेकदा पाहिले आहे : एक म्हातारा कुत्रा बसल्या जागी मान वर करतो आणि सूर लावतो, मग पलीकडच्या गल्लीतून दुसरा. लांबवर चालणारा एकसुरी आवाज त्यांना दूरच्या कळपाच्या हाकेसारखा वाटत असावा, आणि हाकेला ओ देणे हा लांडग्यापासून आलेला शिष्टाचार. त्यात शुभाशुभ काही नाही. चावा मात्र हसण्यावारी नेऊ नये : जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला मी बोटाने दाखवले की तो तिकडेच जातो. त्याला कोणी शिकवले नाही. त्याला बोटाचा अर्थ कसा कळतो? (एक विद्यार्थिनी, वडगाव)

उत्तर : हाच प्रश्न कोलकात्यातील आयसर या संस्थेच्या अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पडला होता. त्यांनी वेगवेगळ्या शहरांतल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवले. जवळजवळ निम्मी कुत्री घाबरून पुढेच आली नाहीत. जी आली त्यांतील सुमारे ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडे गेली. त्यांनाही कोणी शिकवले नव्हते. चिंपांझी आपल्याला कितीतरी जवळचा प्राणी, पण बोटाच्या या खेळात तो कुत्र्याच्या मागे पडतो. माणसाच्या चेहऱ्याकडे आणि हाताकडे पाहात राहण्याची सवय कुत्र्यात पिढ्यान् पिढ्या मुरली आहे. एवढेच काय, भुवई आतल्या बाजूने वर उचलून केविलवाणे पाहण्यासाठी लागणारा एक लहानसा स्नायू कुत्र्यात चांगला वाढलेला असतो, तर लांडग्यात तो जवळजवळ नसतोच, असे २०१९ साली दिसून आले.

तू हा प्रयोग करून पाहा. दोन सारख्या वाट्या घे, दोन्हींना आतून भाकरीचा तुकडा चोळ म्हणजे वासाने फसगत होणार नाही, एकीतच तुकडा ठेव आणि दोन्ही झाक. मग मैत्रिणीला तुकडा कोठे आहे ते न सांगता बोट दाखवायला लाव. कधी बरोबर वाटीकडे, कधी रिकाम्या. कुत्रा बोटाचे ऐकतो की नाकाचे, हे वीस वेळा करून वहीत मांड. मोठे कोणी सोबत असू दे, आणि जवळपास पिल्ले असतील तर त्या गल्लीत हा प्रयोग नको. तुझा तक्ता आला की पुढच्या अंकात तो छापू.